कोरड्या कालव्यातली गाणी

१ मार्च ९६, शुक्रवार. सालमिया, कुवेत
आज पुन्हा फिनतासला, तालमीला. श्रीनं सोडलं आणि व्हिलाबाहेर गाडीतच पेपर वाचत बसला. आत ये म्हटलं तर नवरोबा म्हणतो, "तुमचा तो धडधडाट मला नको. रिफायनरीत पुरेसा ऐकतो."
हेंकचं तळघर. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, मागून आणलेले. हेंक डच, बंदराच्या कामावर इंजिनिअर, गिटार त्याची. बायको अनलीस गाते. विम ड्रमवर, तोही हेंकच्याच कंपनीतला. बास गिटारवाला नेल्सन आपला मडगावचा, हॉटेलात नोकरीला. कीबोर्डवाला सिंगापूरला बदलून गेला, म्हणून मी. मी शिकवते त्या शाळेच्या गॅदरिंगला अनलीस पाहुणी आली होती, तिनं मला मुलांमागे पेटी वाजवताना ऐकलं.
बँडचं नाव द्रोखं स्लोट. खाकरल्यासारखं म्हणायचं. अर्थ, कोरडा कालवा. "आमच्या घरांसमोर पाण्याचे कालवे. इथे वाळू. म्हणून," हेंक म्हणाला.
आईला फोनवर 'ऑर्केस्ट्रा' एवढंच सांगितलं. रॉक म्हटलं असतं तर नाशिकहून उठून आली असती.

२२ मार्च
डावा हात सारखा भाता शोधतो. विम हसत सुटला, "मादवी, कुणाला टाटा करतेस?" ध काही त्याला येत नाही. माडवी, मादवी, काहीही.
असरची, दुपार कलल्यावरची अजान झाली की वाजवणं थांबवायचं, हा हेंकचा नियम. तेवढ्यात अनलीस कॉफी देते. मला ती शांतता फार आवडते. चार देशांची पाच माणसं गप्प. (चार नाही, दोनच. पण चार वाटतात.)

१० मे, शुक्रवार
अनलीस परत चालली. वडिलांना झटका आला, आई एकटी. शिवाय इथला उन्हाळा तिला सोसत नाही. निघताना सगळं सामान नेतेय, हिवाळ्याचे कपडेसुद्धा.
मग गाणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, मला डच येत नाही.
हेंक : "मला मराठी येत नाही. तू कॉर्ड शोधताना गुणगुणतेस ते तरी मी ऐकतोच ना."
म्हणजे ऐकू जात होतं.

१४ जून
डच शब्द देवनागरीत लिहून घेतलेत. ख ला नुक्ता, त्याखाली अजून एक रेघ, म्हणजे फार खाकरायचं. घरी म्हणत होते तर ऋचा, "Mamma, are you sick?" सहा वर्षांची, आणि मराठीत एक उत्तर देत नाही.
एका गाण्याचा अर्थ आज विचारला. गोठलेल्या कालव्यावरून मुलगा शेजारच्या गावी घसरत जातो, तिथे कुणीच नसतं. एवढंच? एवढंच. बाहेर पन्नासच्या पुढे पारा, आणि मी बर्फावर घसरतेय.

११ ऑक्टो., शुक्रवार
आज काहीतरी झालं.
हेंक तार लावत होता. खालची जाड तार नुसती छेडून सोडून देत होता, पुन्हापुन्हा. दिवस मावळायला आलेला. माझ्या तोंडून मारवा निघाला. ठरवून नाही. कोमल रिषभ लागला आणि मीच दचकले. लग्नानंतर गाणं बंदच झालं होतं. भांडण नाही की मनाई नाही, आपोआप. माझ्या गुरू गोगटे बाई गेल्याचं कळलं त्या दिवशीसुद्धा मी गायले नव्हते.
हेंकनं तार सोडली नाही. विम काठ्या ठेवून ब्रशनं हळूच आला. त्याचं चारचं गणित आणि माझा आलाप, दोघं आपापले चालले होते. तो ओरडला, "तू परत कधी येणार?" म्हटलं, समेवर. सम म्हणजे काय ते टाळी देऊन दाखवलं. पुढच्या वेळी मी वळणावर आले तसा विम "सम्म!" म्हणून थाळीवर आदळला. नेल्सन हसून हसून खाली बसला.
वळून बघते तर जिन्यात श्री. न्यायला आला होता. कधीचा उभा होता कोण जाणे.
परतताना गाडीत, फहाहीलच्या रस्त्यावर,
"बाईंकडे शिकायचीस तेव्हा असंच गायचीस?"
"नाही."
"मग?"


२१ फेब्रु. ९७
पहिला कार्यक्रम. एका डच साहेबाच्या अंगणात, पन्नासेक माणसं. मोरपंखी साडी नेसले. वायरी पायात येत होत्या. मारव्याच्या गाण्याला हेंकनं डच शब्द घातलेत. एक बाई दार उघडं ठेवून वाट बघते, वारा आत येतो, एवढंच त्यात.
लोक जेवत होते, बोलत होते. पण पुढच्या रांगेत दोघंतिघं थांबले. मला तेवढे पुरले.
श्री आज आत बसला. परतताना म्हणाला, "तो विम फार जोरात वाजवतो." म्हणजे बाकी आवडलं.

६ एप्रिल ९८
मधल्या पानांत काही लिहिलं नाही. सुखात असलं की लिहायला होत नाही का? दर शुक्रवार तळघर. नवीन पाच गाणी. नेल्सन दोन महिने गोव्याला गेला तेव्हा एक स्कॉटिश पोरगा बासवर होता, त्याला सम कळली नाही ती नाहीच. नेल्सन परतला तसे सगळे त्याच्या गळ्यात पडलो.
हेंक आता एकटाच राहतो. अनलीसचा विषय निघत नाही. माझ्या डब्यातली थालीपिठं तो उभ्याउभ्या खातो.

१८ नोव्हें. ९८
बंदराचं काम संपलं. कंपनी गाशा गुंडाळतेय. हेंक आणि विम महिनाभरात जाणार. नेल्सनला बहारीनचं बोलावणं आहे.
"बँड बंद नाही करायचा," हेंक म्हणाला. "तिकडे जाऊन चालू ठेवू. तू ये."
सगळे हसले. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ना? श्रीची नोकरी, ऋचाची शाळा, माझी शाळा, इथे राहण्याचा परवाना, इकामा, श्रीच्या नावावर. हसायचंच असतं अशा वेळी.

४ डिसें. ९८, शुक्रवार
अंड्यांचे ट्रे काढले. मागे भिंत पिवळी, डागडागांची. कीबोर्ड हेंकनं मला देऊन टाकला. विमनं मिठी मारली, रडला, नाक शर्टाला पुसलं.
हेंकनं दारात हात हातात घेतला. लगेच सोडला नाही. मीही काढून घेतला नाही.
यापेक्षा जास्त लिहीत नाही.

१२ मार्च ९९, शुक्रवार
श्री म्हणाला चल, फिरून येऊ. गल्फ रोडला जाऊ म्हटलं. बोलता बोलता गाडी फिनतासलाच. सवय. दोघांच्याही लक्षात व्हिलासमोर आल्यावर आलं. दोरीवर लहान बाळाचे कपडे वाळत होते. तळघराच्या खिडकीला नवीन पडदा.
"उतरायचंय?"
"कशाला?"
एगैलाला जाऊन ऋचाला आइस्क्रीम घेतलं. ती विचारत होती, "Why is everybody so quiet?"

३ सप्टें. २०००
पार्सल आलं. द्रोखं स्लोटची पहिली सीडी! मुखपृष्ठावर चार माणसं, कालव्याच्या काठी, भरलेल्या कालव्याच्या. हेंक जाड झालाय. विम तसाच. बासवर कुणी शिक्षक, गाणारी एक सोनेरी केसांची मुलगी. चांगली गाते. खरंच चांगली गाते, मी चारदा ऐकली.
मारव्याचं गाणं शेवटून दुसरं. आलापाच्या जागी नुसती खालची तार आणि विमचे ब्रश. कुणी गातच नाही. मला वाटलं सीडी खराब आहे.
हेंकला फोन लावला.
"तिनं खूप प्रयत्न केला. जमलं नाही. मग जागा तशीच ठेवली."
"गिटारवर वाजवायचं की."
"नको वाटलं."
मागे माझं नाव आहे. Madavi. ते तरी कसं बरोबर येणार.
भात लागला खाली. श्री म्हणाला, लागलेला चांगला लागतो. काहीच्या काही.

९ ऑगस्ट ०१
विमचा फोन, संध्याकाळी, मी पोळ्या करत असताना. बँड सोडला. हेंकशी भांडला. "त्याला प्रत्येक गाणं लांबवायचंय, थांबायचंय, वाट बघायचीय. मला वाजवायचंय!" सायकलींचं दुकान काढतोय म्हणे. गाणारी मुलगीही लग्न करून कुठे गेली.
म्हटलं, मग जुन्यांतला राहिला कोण?
"हेंक," विम म्हणाला. मग, "आणि तू."
मी कुठे आहे त्यात.

२० नोव्हें. ०२
हेंकचा मेल. दुसरी सीडी मार्चमध्ये. या वेळी ती जागा भरायची आहे. स्टुडिओ ठरलाय, राहायला विमचं घर (समेट झाला, अर्धा). "तू येशील तरच ते गाणं घेतो."
श्रीला वाचून दाखवलं. तो बूट काढत होता. दुसराही काढून जोडी नीट लावून ठेवली.
"जा," म्हणाला. "ऋचाचं मी बघतो."
सकाळी रियाज सुरू. तानपुऱ्याची पेटी काढली, धूळ झटकली. सा लावला आणि डोळ्यांत पाणी. आवाज आहे अजून. आहे!

१७ फेब्रु. ०३
व्हिसा मिळाला. पासपोर्ट तीनदा उघडून बघितला. आणि इकडे सगळे इराकवरच्या युद्धाचंच बोलतात. खिडक्यांना चिकटपट्ट्या, जमियात, म्हणजे सहकारी भांडारात, पाण्याच्या बाटल्यांसाठी गर्दी. अब्बासियातली ओळखीची दोन कुटुंबं गावी गेली.
श्री म्हणतो, अजून काही नक्की नाही, तू तुझी तयारी कर.

१० मार्च ०३
शाळेतली निम्मी मुलं गैरहजर. रिफायनरीनं श्रीला सोडायला नकार दिला म्हणे. त्यानं मागितलंही नसणार. आज ऋचा रडली, मराठीत. "बाबाला सोडून नाही जायचं." आता तिला इथे ठेवून मी हॉलंडला जाऊन गाणार?
श्रीनं मुंबईची दोन तिकिटं आणली. मला काही विचारलं नाही.
हेंकला मेल केला. दोन ओळी.

२९ मार्च. नाशिक
आई खूश, नात आली म्हणून. टीव्ही लावून बसतो. श्रीचा फोन लागला. सायरन वाजला की बाथरूममध्ये जाऊन बसतो म्हणे, रेडिओ घेऊन. "तू काय करतेस?" काही नाही म्हटलं.
आज तिकडे गाणं व्हायचं होतं.

५ जून ०४
गळ्याची गाठ काढली. थायरॉइड. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. आठ दिवस बोलू नका म्हणाले. आता बोलते, पण हा कुणाचा आवाज? जाड, खरखरीत. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता नक्की सुधारेल.
"आणि गाण्यापुरता?" श्रीनं विचारलं. मी विचारणार नव्हते.
डॉक्टर म्हणाले, वरचे स्वर सांगता येत नाहीत.
कीबोर्डवर चादर घातली.

१५ मार्च ०७
तीन वर्षं कोरी. आज ऋचानं नेटवर शोधून काढलं, द्रोखं स्लोट कुवेतला येतोय! इथल्या डच मंडळींच्या एप्रिलमधल्या समारंभाला. "Mamma, it's your band." फोटोत हेंक सोडून एकही ओळखीचा चेहरा नाही. हेंकचे केस पांढरे.
ऋचा जूनमध्ये पुण्याला कॉलेजला जाणार. माझा बँड, म्हणाली.

१८ एप्रिल
हेंकचा मेल. आत्ताची गायिका दौरा सोडून गेली, तो स्वतःच कसाबसा गातो. मारव्याचं गाणं मी म्हणेन का?
गळ्याचं त्याला कधी कळवलंच नव्हतं. आता कळवलं, सगळं. तासाभरात उत्तर, "पण येशील ना?"

२५ एप्रिल
हॉटेलच्या हॉलमध्ये तालीम. आठ वर्षांनी हेंक. दोघंही हातच मिळवत बसलो बराच वेळ, बावळटासारखे. ड्रमवर फेमके नावाची मुलगी, ऋचाहून फार मोठी नसेल. तिनं विचारलं, "पट्टी कुठली?" मला सांगताच येईना. जी माहीत होती ती आता माझी नाही.
जुन्या पट्टीत घेतलं, गंधारावरच फाटला आवाज. पुन्हा. पुन्हा फाटला. फेमके जोडे बघत बसली. मी म्हटलं, हेंक, राहू दे रे.
मागून श्री, खुर्चीवरून : "खाली घे की. कुणी सांगितलंय वरच गायला?"
हेंकला मराठी कळली नसणार. पण त्यानं खालची तार आणखी सैल केली. आणखी. एवढी की तिचा सूर पोटात वाजायला लागला. तिथे मला सा सापडला.

२६ एप्रिल
झालं.
वरच्या सा पर्यंत गेलेच नाही. खालीच फिरले. मंद्रात मारवा इतका एकटा वाटतो हे मला आधी माहीत नव्हतं. बाईंनीही कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं असेल, मी तेव्हा वीस वर्षांची, वर जायची घाई.
फेमके समेवर बरोब्बर आली. कुणी शिकवलं? म्हणाली, विमनं.
ऋचानं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. रडत होती, म्हणून सगळं हललंय.

२८ एप्रिल
हेंकला विमानतळावर सोडायला गेलो. तिघंही. तो सरळ म्हणाला, श्रीच्या समोरच, "सप्टेंबरपासून हॉलंडमधले कार्यक्रम आहेत. नाताळपर्यंत. मला गाणारी हवीय. वरचे स्वर नकोत. हे जे आहे ते हवंय."
मी म्हटलं, कळवते.
"पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तू हसली होतीस," हेंक म्हणाला. मग आत गेला. वळून बघितलं नाही, गिटार खांद्यावर, जरा वाकलेला.


३ मे ०७
अजून कळवलं नाही. रोज सकाळी उठून रियाज करते, खालच्या सप्तकात. त्याचा हॉलंडशी संबंध नाही असं स्वतःला सांगते. घरात मी आणि श्री दोघंच उरणार जूनपासून. त्याला साधा कुकर लावता येत नाही. आणि मला तरी त्याच्याशिवाय, इतकी वर्षं...
हेंक तिथे असणार. हेही आहेच. श्रीला ते माहीत नाही असं मला वाटत नाही.
आज जेवताना श्री म्हणाला, "तिकडे सप्टेंबरात थंडी किती असते गं?"
का विचारतोस म्हटलं.
"सहज." ताटातला भात कालवत राहिला. मग म्हणाला, "तुझ्याकडे लोकरीचं असं काहीच नाही."