वरच्या ओठाखालची पुडी

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याची पंचाईत नको.
शाळेच्या बँडच्या शिक्षिका गुन्वोरबाईंनी जाहीर केलं: सतरा मेच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत वृद्धाश्रमासमोर थांबून कॉर्नेट या तुतारीसारख्या पितळी वाद्याचा जो सोलो वाजवतात, तो यंदा मी वाजवणार. वेत्ले, वय पंधरा! तीरिल माझ्या शेजारी दुसरं कॉर्नेट वाजवते. तिने अभिनंदन केलं. मी फक्त मान हलवली. कलावंताने फार बोलू नये.
आईने वॅफल केले, वर तपकिरी चीज. आई दातांच्या दवाखान्यात लोकांच्या हिरड्या साफ करते. तिला सोलोपेक्षा माझ्या पुढच्या दातांचीच काळजी. म्हणाली, "मिरवणुकीत धडपडू नकोस म्हणजे झालं."

११ फेब्रुवारी
रिहर्सलनंतर होड्यांच्या शेडमागे ब्योर्नारने स्नूस दिला. ब्योर्नार ढोल वाजवतो, त्याला मिशी आहे. स्नूस म्हणजे निकोटीनची इवलीशी पांढरी पुडी. वरच्या ओठाखाली दाबायची. धूर नाही, वास नाही. तो म्हणाला, "अरे, सगळेच घेतात. सिगारेट आता फक्त म्हातारे ओढतात." अठरा वर्षांखालच्यांना दुकानात देत नाहीत, पण ब्योर्नारचा चुलतभाऊ आहे ना.
डोकं गरगरलं. बराच वेळ भिंत धरून उभा होतो. ब्योर्नारला वाटलं मी समुद्र बघतोय.
अनुभव घेतला, विषय संपला.

१४ फेब्रुवारी
पुन्हा एक. एकाच अनुभवावरून मत बनवणं शास्त्रीय नाही.

२ मार्च
सगळं कंट्रोलमध्ये. फक्त रिहर्सलच्या दिवशी घेतो.

६ मार्च
मनातल्या मनात सराव करणं हीसुद्धा रिहर्सलच.

१९ मार्च
घरात न हसण्याचं धोरण स्वीकारलंय. हिरडीवर पुडीच्या जागी पांढरट सुरकुती आली आहे, आणि आईची नजर म्हणजे एक्सरे. जेवताना तिने दवाखान्यातला किस्सा सांगितला. एका कोळ्याची कवळी माशाबरोबर बर्फात गेली होती. मी भुवयांनी हसलो.
आईने विचारलं, "काय रे, कुणाशी भांडलास?" नाही म्हटलं. "मग प्रेमात पडलास?" त्यालाही नाही म्हटलं, ओठ न हलवता. अवघड असतं ते. मिटल्या ओठांनी कुठलाच शब्द नीट येत नाही.

१ एप्रिल, डोंगरातली केबिन
ईस्टरची सुट्टी. मुद्दाम पुड्यांची डबी घरी ठेवून आलो. बर्फ, ऊन, स्की, संत्री. सोडायला याहून चांगली जागा कुठली? खरं तर सोडायचं असं काही नाहीच. ही नुसती चाचणी आहे.

२ एप्रिल
चाचणी उत्तम चालू. आई संत्रं फार आवाज करत सोलते. तसं सांगितल्यावर तिला राग आला. लोकांना स्पष्टवक्तेपणा चालत नाही.

३ एप्रिल
झोप नाही. डोकं दुखतंय. कारण: डोंगरावरची विरळ हवा. आईवर ओरडलो, कारण पत्ते खेळताना ती जिंकत होती. ती बाहेर जाऊन लाकडं फोडत बसली. खूप लाकडं फोडली तिने.
जॅकेटच्या अस्तरात एक जुनी पुडी सापडली. वाळलेली, वर लोकरीचे धागे. चव मोज्यासारखी.
तरी चाचणी यशस्वी धरायला हरकत नाही. डबी घरीच होती, हे महत्त्वाचं.

२१ एप्रिल
सोलोचा वरचा स्वर फाटतोय. गुन्वोरबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "वेत्ले, ओठाला काय झालंय तुझ्या?" मी थंडीचं कारण सांगितलं. खिडक्या उघड्या होत्या आणि अर्धा बँड नुसत्या टीशर्टवर बसला होता.
आतून ओठ सोलवटलाय, त्यावर कॉर्नेट दाबलं की डोळ्यांत पाणी येतं. बाईंना वाटलं असेल मी संगीतात बुडालोय.
तीरिल सध्या माझ्या तोंडाकडे एकटक बघते. शुभलक्षण.

२३ एप्रिल
तीरिल म्हणाली, "तू स्नूस घेतोस ना? वाजवताना खारीसारखा दिसतोस." मी म्हटलं, कधीमधी, गंमत म्हणून, मनात आलं तर उद्या बंद. ती म्हणाली, "मग आण की मनात." आणि कॉर्नेटमधली थुंकी झटकून निघून गेली.
मुलींना काळजी अशीच व्यक्त करता येते.

१ मे
सोडली! डबी ब्योर्नारला परत दिली, वर छोटंसं भाषणही केलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

२ मे
ब्योर्नारकडून डबी परत आणली. सोलोच्या तोंडावर शरीराला धक्का देणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. अठरा मेला सोडणार. ही तारीख पक्की.

१६ मे
ब्योर्नारचा सल्ला: उद्या दुपटीने कडक असलेली घे, एकाच वेळी दोन. वाजवायच्या आधी काढून टाकायच्या. प्लॅन निर्दोष आहे.

१७ मे
लवकरात लवकर लिहून काढतो, म्हणजे विसरता येईल.
ऊन होतं. सगळं गाव रस्त्यावर, हातात झेंडे. आईने तिच्या आजीचा पारंपरिक पोशाख घातला होता, चांदीच्या गुंड्यांचा, आणि ती पहिल्या रांगेत उभी होती. वृद्धाश्रमाच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या. म्हातारी मंडळी मांडीवर घोंगड्या घेऊन बसलेली. बाईंनी हात वर केला. शांतता. मी पुढे झालो आणि खोल श्वास घेतला.
काढायच्या राहिलेल्या दोन्ही पुड्या श्वासाबरोबर घशात गेल्या. गिळल्या.
पहिल्या दोन ओळी वाजल्या. तिसरीत उचकी आली. कॉर्नेटमध्ये उचकी गेली की कुणीतरी बदकावर बसल्यासारखा आवाज येतो. अंगणभर ऐकू गेला. मग दुसरी. तिसरी. लहान पोरं हसायला लागली. घामाने डोळे भरले, झेंडे गोल फिरू लागले, आणि मी ट्यूबावाल्याच्या बुटांवर ओकलो.
तीरिल पुढे आली आणि माझ्याकडे न बघता तिने पुढच्याच स्वरापासून सोलो वाजवला. एकही स्वर फाटला नाही. एक आजी रडत होत्या.
मला आईने कडेला नेलं. चांदीच्या गुंड्यांवर थोडं सांडलं. मी म्हटलं, "हॉट डॉग बाधला." ती म्हणाली, "हो का?"

१८ मे
ठरल्याप्रमाणे सोडली. डबी ओल्या कचऱ्याच्या डब्यात, खाली, माशांच्या डोक्यांपाशी. मोकळं वाटतंय. तीरिलला मेसेज केला: छान वाजवलंस. उत्तर आलं: तू बरा आहेस का?


१९ मे, शाळेच्या आधी
कोपरापर्यंत हात ओल्या कचऱ्यात असताना मागे आई उभी. हातात कॉफीचा कप.
मी म्हटलं, गृहपाठ हरवलाय.
ती म्हणाली, "वेत्ले, तू तोंड उघडं टाकून झोपतोस. मला मार्चपासून माहीत आहे. वाटलं, तू येऊन सांगशील." आवाज चढवला नाही. तसा तिने चढवला असता तर बरं झालं असतं. "उद्या पहिली वेळ तुझी. दवाखान्यात ये."
डबी सापडली होती. तिच्यादेखतच खिशात घातली. हात ऐकेना.

२० मे
भाषण तयार करून गेलो होतो. मुद्दे: मी व्यसनी नाही, सोलोचा ताण होता, कालपासून पूर्ण बंद.
खुर्ची मागे गेली. दिवा डोळ्यांवर. आईने मास्क लावला आणि वाकून बघितलं. मग स्टीलचा ट्रे पुढे धरला. "आधी ही काढून ठेव."
ओठाखाली पुडी होती. आहे हे मलाच माहीत नव्हतं.
मग आरसा दिला. वरच्या दाताची हिरडी मागे सरकलीय, पिवळं मूळ उघडं पडलंय. "ही परत येत नाही," आई म्हणाली. परक्या पेशंटला सांगतात तसं म्हणाली.
मी भाषण सुरू केलं. तोंडात आरसा, लाळ ओढायची नळी आणि तिची दोन बोटं. नुसतं आँ आँ झालं.
"बोलू नको," ती म्हणाली. "किती वेळा सोडून बघितलीस, तेवढं बोटांनी दाखव."
एक हात वर केला. मग दुसरा. सगळी बोटं संपली, तरी एप्रिलमध्येच होतो.
आईने हातमोजे काढले आणि माझे दोन्ही हात धरून खाली घेतले.