चौथा चौकोन

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, चिंगीला शाब्दिक उदाहरणं कशी समजावतेस ते नीट लिहून ठेव, म्हणजे रविवारी तिला इकडे आणल्यावर माझी पंचाईत व्हायला नको. म्हणून दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलेय. शाळेत मी गणितात पस्तीस मार्क गाठताना धापा टाकायचे आणि तू पैकीच्या पैकी आणायचीस. आता मी तुला गणित शिकवायचं म्हणजे कमालच झाली. हसून घे एकदा, मग पुढचं वाच.

तू तिला माझ्याकडे ठेवून गेलीस तेव्हा ती भिंतीला धरून चालायची. तुझी बदल्यांची नोकरी, भावजी कायम दौऱ्यावर, कुठे बस्तान बसेपर्यंत राहू दे म्हणालीस आणि मी हो म्हटलं. त्यात तुझं काही चुकलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू सगळं पत्र त्याच नजरेनं वाचशील. आता ती चौथीत आहे. मला माऊ म्हणते. सांडलवंड केली की माऊ, भूक लागली की माऊ, झोपेत कूस बदलली तरी माऊ.

तर रीत अशी. वही लगेच उघडायची नाही. आधी उदाहरण तिला गोष्टीसारखं सांगायला लावायचं. मग माझ्या कापड बेतायच्या टेबलावर शिलाईच्या खडूनं चौकोन काढायचे, प्रत्येक माणसाला एक चौकोन. समज, भावाकडे बहिणीपेक्षा सहा गोट्या जास्त आहेत आणि दोघांच्या मिळून तीस. आमच्या चिंगीबाई 'जास्त' शब्द दिसला की डोळे मिटून बेरीज करतात आणि छत्तीस लिहून मोकळ्या होतात. तिला ओरडू नकोस. दोन सारखे चौकोन काढून दे, भावाच्या चौकोनाला सहाचं शेपूट जोड आणि विचार, की शेपूट कापलं तर काय राहील? चोवीस, त्याचे दोन भाग, बारा. बहिणीला बारा, भावाला अठरा. शेपूट कापायला तिला फार आवडतं, खरी कात्री मागते. देऊ नकोस. शाळेच्या गणवेशाची एक बाही मी अशीच गमावलीय.

दुसरी गोष्ट, ती फार चौकशा करते. बसमधून पंधरा माणसं उतरली असं असलं तर ती कुठं गेली, त्यांना घ्यायला कोणी आलं होतं का, हे तिला आधी हवं असतं. तुला वाटेल वेळ काढतेय. वेळ काढत नाही गं. एकदा आलं होतं, पन्नास मुलांना सहलीला न्यायचंय, एका गाडीत सहा बसतात, तर गाड्या किती? अर्ध्या वर्गानं आठ लिहिलं आणि बाकी दोन. हिनं भागाकारही पुरा केला नाही, सरळ नऊ लिहिलं. दोन पोरांना रस्त्यावर टाकून कसं जायचं, म्हणाली. त्या दिवशी तिच्या सरांनी तिचं उत्तर सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं आणि ती घरी येईपर्यंत आनंदानं नुसती फुगली होती. मीही आल्यागेल्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले होते.

तिची बॅग भरून झालीय. स्वेटर वरच ठेवलाय, तिला सर्दी लवकर होते. केस विंचरताना मान हलवते, तेव्हा पाढा म्हणायला लाव, म्हणजे स्थिर बसते. साताच्या पाढ्यात अडखळते, तिथे तू मुद्दाम चुकायचं, म्हणजे तुला दुरुस्त करायच्या नादात तिला येतो. हे गणितात मोडतं की नाही मला ठाऊक नाही, पण तुला माहीत असायला हवं.

ताई, आता खरं सांगते. रीत लिहायचं माझ्या मनातच नव्हतं. वर्ष संपेपर्यंत तरी तिला माझ्याकडे राहू दे, असं लिहायचं ठरवलं होतं. शाळा मध्येच बदलू नये, हवा सोसणार नाही, अशी चार कारणंही जुळवून ठेवली होती. पण काल तिचा चाचणीचा पेपर हातात आला. आई, बाबा आणि त्यांच्या मुलीनं चोवीस संत्री सारखी वाटून घेतली, तर प्रत्येकाला किती? हिनं लिहिलं होतं सहा, आणि त्यावर लाल फुली. मी म्हटलं, अगं माणसं मोज की नीट. तिनं टेबलावर चार चौकोन काढले. आई, बाबा, मुलगी आणि माऊ. माऊ यात कुठे लिहिलीय, विचारलं, तर म्हणाली, लिहिलं नसलं तरी घरात असणारच ना. मी तळहातानं चौथा चौकोन पुसला आणि तिला सांगितलं, उदाहरणात जे दिलेलं नाही ते आपल्या मनानं धरायचं नाही. तिनं निमूट आठ लिहिलं. मग बराच वेळ खडूशी खेळत बसली आणि हळूच म्हणाली, माझ्या आठातली दोन माऊला दिली तर चालेल का? मी तोंड फिरवून मशीन सुरू केलं, कापड न घालताच. तिला जे शिकवलं ते मला नको का पाळायला? म्हणून मी काही मागत नाही. रविवारी तू ये आणि तुझी लेक घेऊन जा. फक्त तिकडे तिनं एखादा चौकोन जास्त काढला, तर तो लगेच पुसू नकोस. थोडे दिवस चुकू दे तिला.

तुझीच,
धाकटी