कबूल केला आकडा, दिलं वाक्य

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो खुर्चीवरूनच गोड मानून घे). खोकला कसा आहे? तू विचारलं होतंस, "एकटीला घर खायला उठतं, तुझ्याकडे राहायला येऊ का? हो की नाही, एवढंच कळव." त्याचं उत्तर देतोच, पण आधी आमच्या हेडबाईंबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

हेडबाई म्हणजे ऑफिसात आम्हा सगळ्यांचे प्रोग्राम तपासतात त्या (नाव आम्ही ठेवलंय, त्यांना माहीत आहे आणि आवडतंही). प्रोग्राममधल्या प्रत्येक फंक्शनला (म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याला) वरच्याच ओळीत कबूल करावं लागतं, की मी आकडा परत देईन, की मजकूर, की नुसतं हो-नाही. मी दातांच्या दवाखान्यासाठी एक लिहिलं: रांगेत पुढे किती पेशंट आहेत, तो आकडा द्यायचा. रांग रिकामी असली तर कोरडं शून्य काय द्यायचं, म्हणून मी प्रेमाने "कोणी नाही" असं परत दिलं. कॉम्प्युटरने लाल रेघ मारली. मी म्हटलं, गप रे, आणि ती तपासणीच बंद करून टाकली. पुढचा प्रोग्राम बिचारा त्यात एक मिळवून पेशंटचा नंबर काढत होता. सकाळी गाल सुजलेले एक काका आले, तर भिंतीवरच्या स्क्रीनवर झळकलं, "तुमचा नंबर: कोणी नाही१". काका आल्या पावली घरी गेले. आत डॉक्टर हात धुऊन वाट बघत बसलेले! दुपारी काका परत आले तेव्हा गाल दुप्पट आणि आवाज चौपट झाला होता.

मला वाटलं, आता आपली काही खैर नाही. पण बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "वर आकडा कबूल केलात, खाली वाक्य दिलंत. अहो, शून्य हासुद्धा आकडाच आहे." बस्स! काय बाई आहे गं! परवा साहेबांनी विचारलं, काम शुक्रवारी होईल का? आम्ही सगळे "प्रयत्न चालू आहेत" म्हणत माना डोलावत होतो, या म्हणाल्या, "नाही." आणि साहेब चक्क "बरं" म्हणाले. मी मनातल्या मनात हात जोडले.

बाकी इथे खोली लहान, जिना उभा, पाणी सकाळीच येतं, आणि माझं घोरणं तुला ठाऊक आहेच. तेव्हा बघू, सवडीने ठरवू.

तुझा लाडका (असं मीच म्हणतो) भाचा

ता. क. पाकिटात घालण्याआधी हे पत्र हेडबाईंना वाचायला दिलं (एवढं कौतुक केलंय ना!). त्यांनी शेवटच्या परिच्छेदावर लाल रेघ मारून परत दिलं. म्हणाल्या, "आत्यांनी मागितलंय काय आणि तुम्ही देताय काय?"

आणखी एक ता. क. हो.