मदतीच्या अटी

नाना, तुमच्या नातीचा सकाळी फोन आला होता. ज्या बेटावरच्या देशात ती लग्न करून गेली, तेथील परकीय चलन संपले आहे. श्रीमंत देशांनी आपापले व्याजदर चढवले आणि तिच्या गावात औषधे मिळेनाशी झाली. कर्ज देणारी राष्ट्रे बैठकांमागून बैठका घेत आहेत. सवलत आधी दुसऱ्याने द्यावी, असे प्रत्येकाचे म्हणणे. एक आंतरराष्ट्रीय संस्था साहाय्यास तयार आहे, मात्र सरकारने प्रथम नोकरकपात करावी, ही तिची अट. त्या कपातीत सरकारी रुग्णालयातील आमच्या जावयांची नोकरी गेली.

"बाबा, आम्ही तिघं भोपाळला येऊ का?" तिने विचारले.

"अवश्य. पण किती दिवसांसाठी? जावईबापू इथे काय करतील? मुलाच्या शाळेचा विचार केला आहेस का?"

ती हसली. "बाबा, तुम्ही त्या संस्थेच्या शिष्टमंडळात शोभाल. तेही आधी कागदच मागतात. असू दे, संध्याकाळी करते फोन."

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली तुमची सून पलंगावरून म्हणाली, "अहो, लेक आहे ती. अर्जदार नव्हे."

तेव्हापासून मला आपले सरकारी क्वार्टर आठवते आहे. नागपूरची गिरणी बंद पडली आणि काका बायकामुलांसह, वळकट्या घेऊन दारात उभे आहेत. मी कॉलेजातून आलेला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात विचारतो, "काका, मुक्काम किती?" तुम्ही माझ्याकडे न पाहता आईला म्हणता, "पाने वाढ." आणि नंतर मला अंगणात नेऊन, "भुकेल्या माणसाला मुदत विचारतोस? हे शिकलास कॉलेजात?"

तुमचे बरोबर होते. परंतु काका राहिले ते राहिलेच, आणि पदवीच्या परीक्षेचा सगळा अभ्यास मी जिन्यात बसून केला. तुम्ही रोज त्याच जिन्याने कचेरीत जात होता. एकदाही थांबला नाहीत. हे तुम्हाला सांगायचे राहून गेले.

भोपाळच्या अवधपुरीतील या घराच्या दोन खोल्या. एकीत रुग्णाचा पलंग, दुसरीत मी. लेकीला नको म्हणवत नाही. ये म्हणू लागलो की पुन्हा खोल्या मोजतो. जाणार कुठे? तीही, मीही.

हे पत्र तुम्हाला पोहोचणारे नाही, म्हणून लिहितो. फोन वाजतो आहे. तो तुमच्या सुनेच्या उशाशी आहे आणि तिचा उजवा हात अजून चालतो. तिनेच उचलावा, म्हणून मी हे वाक्य लांबवत बसलो आहे.