पाळी पुढे ढकलायची गोळी

सोमवार, ३ मार्च

आजही डोकेदुखीच! सकाळपासून बाकावर रांग. आमचा दवाखाना म्हणजे शिलाईच्या हॉलला लागून एक खोली – एक खाट, एक बेसिन, एक नर्स, म्हणजे मी. कुणाला मळमळतं, कुणाची छाती जड झालीय, कुणी उगाच रडतेय. इतक्या जणींना एकदम?

शेवटी वहिनीनेच गुपित फोडलं. ती इथेच कॉलर लावते. "वन्सं, एवढं शिकलात आणि एवढं कळेना? लाइन-मॅडमची गोळी घेतो ना आम्ही! माल जाईपर्यंत पाळीची कटकट नको."

लाइन-मॅडम म्हणजे हॉलची मुख्य. तिच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात पाकिटातून काढलेल्या सुट्या गोळ्या. जिची तारीख जवळ आली तिने सुरू करायची, माल रवाना झाला की थांबवायची. आणि माल काही जात नाही. तीन आठवडे झाले!

"तूही घेतेस?"

"मग मी काय आभाळातून पडलेय?"

मंगळवार, ४ मार्च

जेवताना विषय काढला. दादा-वहिनीला तीन वर्षं मूल हवंय. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या – आणि ही तिकडे रोज संप्रेरकांच्या गोळ्या खातेय! दादा ताटावरून उठला. आई मलाच म्हणाली, "शिकलीस, चांगलं झालं. आता घरात काडी लावू नकोस."

वहिनीने ताटं उचलली. भांडी विसळताना म्हणाली, "थोडे दिवस दुकान बंद ठेवलं तर काय बिघडलं? उघडेल की पुन्हा."

हसली. मला हसू आलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

बटणं लावणाऱ्या मावशी लंगडत आल्या. एक पोटरी दुसरीच्या दीडपट, लाल, गरम. या गोळ्यांनी क्वचित रक्त गोठतं, हे परीक्षेत लिहिलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. गुठळीच निघाली. ठेवून घेतलंय. तिथले डॉक्टर म्हणाले, ती फुफ्फुसात गेली असती तर आणायचीही गरज पडली नसती.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "बसून बसून पाय सुजतातच."

सोमवार, १० मार्च

जिंकले!

साहेबांना तोंडावर सांगितलं – गोळ्या बंद, नाहीतर मी वर कळवणार. त्यांनी लाइन-मॅडमला बोलावलं. तिने डबा माझ्या पुढ्यात आपटला. "घ्या, ओता! हजेरी बुडाली की तुम्हीच बसा मशिनवर."

सगळा डबा बेसिनमध्ये ओतला, नळ पूर्ण सोडला. ज्याच्यासाठी आईने मला शिकवलं ते हेच, असं वाटलं.

मंगळवार, ११ मार्च

हॉलमधलं कुणीही माझ्याशी बोलत नाही.

गुरुवार, १३ मार्च

बांध फुटला! गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी येते, हे मला पाठ होतं. सगळ्यांनी एकदम थांबवली तर सगळ्यांना एकदम येईल, एवढं साधं सुचलं नाही! अर्धा हॉल. संडास दोन. कापूस संपला, मग कात्रणांचे गठ्ठे फोडले. मशिनी बंद. लाइन-मॅडम दारातून ओरडत होती, "या, समाजसुधारक! बघा, कसा मळा फुललाय तुमचा!"

कंबर धरून बसलेली एक जण म्हणाली, "साहेबांच्या बापानेही एवढ्या जणींना एकदम सुट्टी दिली नसेल!" सगळ्या हसून फुटल्या. मीही हसले. किती दिवसांनी!

वहिनी सगळ्यांना पाणी देत फिरत होती. तिला काहीच नव्हतं.

रविवार, १६ मार्च

वहिनीची अजून नाही.

मंगळवार, १८ मार्च

दिवस गेलेत. दोन महिने होत आले.

म्हणजे गोळी सुरू करायच्या आधीच! गोळीने पाळी येणारच नव्हती, मग चुकली हे कळणार कुणाला? वहिनीला नाही, मलाही नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोणती गोळी? किती ताकदीची?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली. बेसिनमध्ये गेली, म्हणाले. त्या म्हणाल्या, "अशा गोळ्यांनी बाळाला बहुतेक काही होत नाही. पण एकदोन आहेत, त्यांची भीती असते. नाव कळलं तर बरं."

दादा रस्त्यात नाचायचा बाकी होता. आई रडली. जिन्यात वहिनीने माझा हात घट्ट धरला. "वन्सं, बहुतेक म्हणजे किती हो?"

बुधवार, १९ मार्च

लाइन-मॅडमला गोळीचं नाव विचारलं. पाया पडायचीच बाकी होते.

"कसली गोळी? माझ्या खणात बिस्किटं असतात."

साहेबही तेच म्हणाले. तोंड वर करून!

शुक्रवार, २१ मार्च

वहिनी एकटी नाही. त्या गुरुवारी ज्यांना काहीच झालं नव्हतं, त्यांतल्या तिघी आज आल्या. सिस्टर, दार लावा, म्हणाल्या. "मॅडम तर म्हणाल्या होत्या, या गोळीवर दिवस राहतच नाहीत!"

दोघी बोलून गेल्या. तिसरी थांबली. तिचं लग्न झालेलं नाही. तिने दार पुन्हा लावून घेतलं. मग मूठ उघडली. तळहातावर एक सुटी गोळी, घामाने चिकटलेली.

"ही पाळी आणायची आहे म्हणे. मॅडमनीच दिली. दोन दिल्या होत्या. एक सकाळी घेतली, सिस्टर – तेव्हापासून अंगावरून जातंय, थांबतच नाहीये."