रेघ तिसाच्या खाली

३ मार्च
अन्यायाची नोंद कुठेतरी राहावी म्हणून ही रोजनिशी. आज माझ्या खुर्चीतली उशी, मला न विचारता, सासूबाईंच्या पाठीमागे नेण्यात आली. बायको म्हणाली, आईची पाठ धरलीय. धरू दे. पण नुसत्या लाकडावर बसून बाजाराशी कोणी झुंजलंय का? रजा टाकलीय ती काय उगाच?

४ मार्च
सिस्टिम सोपी आहे. आरएसआय नावाची एक रेघ. तिसाच्या खाली गेली की शेअर दमला, घ्यायचा. सत्तरच्या वर गेली की माजला, विकायचा. एवढ्यासाठी लोक कोर्सला पैसे भरतात! मी व्हिडिओ पाहिला. तोही दीडपट स्पीडने.
भांडवल: वॉशिंग मशीनसाठी बायकोने साठवून माझ्याकडे ठेवलेले पैसे. मशीन बंदच आहे. आणखी आठवडाभर बंद राहिलं तर त्याचं काही बिघडत नाही. तिला साधं मशीन हवंय; मी ड्रायरवालं आणणार. सरप्राइज.

५ मार्च, सकाळी
एका पंपवाल्या कंपनीची रेघ अठ्ठावीस. सगळे लावले. दमलेल्याला हात देण्याचं समाधान वेगळंच.

दुपारी
रेघ चोवीस. फारच दमलाय बिचारा.

९ मार्च
एकोणीस. दमणूक नसून दुखणं असावं.
बायको बादलीत चादरी आपटत होती. मशीन बघायला कधी जायचं, विचारलं. म्हटलं, भाव उतरतायत, जरा थांब. हे शंभर टक्के खरं.

१० मार्च
चूक सापडली. माझी नव्हे, सेटिंगची. चौदा दिवसांचा हिशेब भित्र्यांसाठी असतो. नऊ केला. तरी रेघ लोळलेलीच. पाच केला आणि टुणकन वर आली! याला म्हणतात रिकव्हरी.
सासूबाई मागून बघत होत्या (माझ्या उशीला टेकून). म्हणाल्या, जावईबापू, काटा सरकवला की वजन उतरतं का हो? टेक्निकल गोष्टी प्रत्येकाला कळतीलच असं नाही.

११ मार्च
आणखी शेअर घेतले तर खरेदीची सरासरी किंमत खाली येते. हातात पैसे नाहीत. सासूबाईंकडून पाच हजार उसने. औषधांच्या डब्यातून काढून दिले, कशाला ते विचारलंही नाही. फक्त म्हणाल्या, परत द्याल तेव्हा मोजून द्या. बाईंना मोमेंटम कळतो म्हणायचं.

१२ मार्च
आणखी पडला. मदतीला एमएसीडी नावाची दुसरी रेघ लावली. दोघींचं एकमत: निघा. दोघींचं ऐकायचं नाही असं ठरवलं. घरात दोघी कमी होत्या!

१६ मार्च
जेवताना बायकोचे हात दिसले. साबणाने बोटं सोलवटलीत. मी बघतोय म्हटल्यावर तिने हात पदराआड घेतले.
सेटिंग एकवीस केलं. रेघ सरळ झाली. मला काही बरं वाटलं नाही.

१७ मार्च
विकले. आले त्यात मशीनचं झाकण येईल. बायकोला सांगितलं. ती टॉवेल पिळत होती. पाणी संपलं तरी पिळत राहिली. मग म्हणाली, हेच का सरप्राइज?
 

१८ मार्च
रेघा बघायला लावलेला माझा दुसरा स्क्रीन ऑफिसातला अकाउंटंट विकत घेऊन गेला. फार घासाघीस केली मेल्याने. त्या पैशांतून मेकॅनिक बोलावला. म्हणाला, साहेब, नुसता बेल्ट तुटलाय, पंप ठणठणीत आहे. पंपाचं नाव ऐकून बायको आत निघून गेली. आतून हसू आलं. बहुतेक हसूच.
मशीन सुरू.

१९ मार्च
पंपवाल्याची रेघ आज एकतीस. सहज दिसली.
दुपारी सासूबाई खुर्चीत डोळे मिटून होत्या. आवाज न करता औषधांचा डबा उघडला, गोळ्यांच्या पाकिटाखाली स्क्रीनच्या पैशांतले उरलेले पाच हजार सरकवले. झाकण लावतोय तोच, डोळे न उघडता त्या म्हणाल्या, मोजले का?
पुन्हा काढून मोजले. शंभर कमी होते. घातले.