शिडीचं मागचं टोक

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय लंबू,

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. तुझी ताई बरी आहे. माझे गुडघे कुरकुरतात, ते काही नवीन नाही. पत्ता जुनाच घालतोय. तू घर बदललं असलंस तर काय, ही धास्ती आहेच.

लिहायचं कारण निराळंच. नात मला वाद्यवृंद ऐकायला घेऊन गेली. कार्यक्रमाच्या कागदावर एक लांबलचक शब्द होता, 'दिव्हर्तिसमाँ'. मी म्हटलं, "हे काय, औषध आहे का?"

"फ्रेंच शब्द आहे, आजोबा. हलकीफुलकी करमणूक. मोठ्या नाटकाच्या दोन अंकांमध्ये लोकांचं मन रमवायला करायचे ते."

"म्हणजे मी आणि तुझे मामाआजोबा!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की पुढच्या बाईंनी वळून पाहिलं.

लंबू, आपल्या कामाला नाव होतं रे! आत सुतार राजवाडा काढून जंगल उभं करायचे आणि पडद्यापुढे आपण शिडी घेऊन. पुढे मी बुटका, मागे तू. सगळं ओझं माझ्या मानेवर उतरायचं. मी वळलो की तुझी टोपी उडायची. आत हातोडे वाजले की आपण आवाज चढवायचा, आणि सुतारानं फळीवर ठोका दिला की निघायचं. कधी ठोका यायचाच नाही. तू पुटपुटायचास, "दाजी, तो जंगलात हरवला वाटतं. फिरा अजून एकदा." तुझी ताई विंगेत कपडे शिवत असायची, तोंडात टाचण्या धरून हसू दाबायची.

मग फिरता रंगमंच आला, मधला वेळच उरला नाही. "आम्ही म्हणजे नुसतं ठिगळ," असं मॅनेजरला सुनावून तू गेलास. मी तिथंच डोअरकीपर म्हणून राहिलो, तर माझ्याशीही बोलणं टाकलंस. असो. आज भांडायचं नाही.

वर लिहिलं ते खरं नाही. ताई बरी नाही. वर्ष झालं, ती कुणाला ओळखत नाही. मला मॅनेजर समजते. "कपडे शिवून झाले, आता घरी जाऊ का?" असं विचारते. घरीच असते रे ती.

परवा बल्ब बदलायला मी शिडी खांद्यावर घेतली आणि तिच्या पलंगापुढून गेलो. ती हसली! ओठ घट्ट मिटून, टाचण्या धरल्यासारखी. मग माझ्या मागे बघत म्हणाली, "मागचा कुठं राहिला?"

मी म्हणून बसलो, "येतोय." तेव्हापासून ती दाराकडे बघते आणि माझ्या जिवाला घोर लागलाय.

ये. शिडी हलकी आहे, अ‍ॅल्युमिनियमची. टोपी मी देईन. आत काय उभं करतायत ते ना तुला ठाऊक, ना मला. पण ठोका अजून पडलेला नाही. तोवर फिरू या अजून एकदा.

पुढचं टोक धरून उभा असलेला,
तुझा दाजी